वणीचा गड, गोदाकाठ आणि टाकळीचा मारुती : यांच्या आजारपणानंतरची पहिली नाशिक वारी

वणीच्या गडावर, सप्तशृंगी देवीला, जायचं हे आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेनी, आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसूनच ठरवून टाकलं होतं. मला विचारलं नाही आणि मी तेव्हा काही विचारण्यासारख्या अवस्थेत नव्हतेच. मागच्याच्या मागच्या श्रावणात यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. सकाळी चहा पिता पिता कप हातातून सुटला, तोंड एका बाजूला ओघळलं, आणि बोलायला गेले तर नुसता आवाज, शब्दच नाही. शेजारच्या मुलाने शर्टाची बटणं लावत लावतच गाडी काढली, म्हणून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. गुठळी मेंदूच्या डाव्या बाजूला होती म्हणून उजवा हात-पाय गेला, आणि भाषेचं कामही बहुतेकांचं डावीकडूनच चालतं त्यामुळे शब्द गेले. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणतात. समजतं सगळं, आठवतं सगळं, पण पाणी म्हणायचं असलं की तोंडातून पेन येतं आणि आपण चुकलो हे त्यांना लगेच कळतं, ते बघणं फार अवघड असतं.

आता निघालो तेव्हा परिस्थिती अशी की चार पायांची काठी आणि पायाला स्प्लिंट लावून घरात आणि थोडं बाहेर चालतात, लांबचं अंतर असलं की व्हीलचेअर, उजवा हात अजून फारसं काम करत नाही, बोलणं एकेक शब्दाचं. फिजिओ म्हणाले जाऊन या, डॉक्टर म्हणाले गोळ्या चुकवू नका, आणि ताई तर नाशिकलाच असतात. मग काय.

बुधवार

कल्याणहून तपोवन एक्सप्रेस पकडली, सकाळची वेळ बरी म्हणून. व्हीलचेअर घडी करून दाराजवळच्या जागेत ठेवली, एका कॉलेजच्या मुलाने यांचा डावा दंड धरून चढवलं. (कुणी मदत करायला आलं की आधीच सांगायचं, लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळायची भीती असते. मदत करणाऱ्याला ते माहीत नसतं आणि त्या घाईत आपणही सांगायचं राहून जातं.)

समोरच्या सीटवर एक बाई आणि तिचा पाच-सहा वर्षांचा मुलगा. कसारा सुटलं, घाट सुरू झाला, पहिला बोगदा आला आणि अंधारात मला यांचा आवाज आला, "एक." स्वच्छ. पुढचा बोगदा, "दोन." त्या पोराने ऐकलं आणि तोही यांच्याबरोबर मोजायला लागला, मग दोघंही खिडकीकडे तोंड करून बोगद्याची वाट बघत बसले, इगतपुरीपर्यंत एकसुद्धा चुकला नाही. आकडे, वार, लहानपणी पाठ केलेली स्तोत्रं असं सगळं वाचाघाताच्या पेशंटला पुष्कळदा जमतं, कारण तोंडात बसलेलं बोलणं वेगळ्या वाटेने येतं असं आमच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं होतं. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी माझे डोळे भरून आले. तो मुलगा उतरताना यांना म्हणाला, "आजोबा, परत येताना पण मोजू." त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नव्हतं.

नाशिकरोडला भाचा गाडी घेऊन आला होता. ताई तळमजल्यावर राहतात आणि त्यांच्याकडे कमोड आहे, बाथरूमला दांडी भाच्याने आदल्या रविवारीच बसवून घेतली होती. कुणाकडे उतरणार असाल किंवा लॉज बुक करणार असाल तर या दोन गोष्टी आधी फोन करून विचारा, बाकी एसी टीव्ही नंतर. आणि आंघोळीचं पाणी बऱ्या हाताने बघायला सांगा, आजारी बाजूला गरम-गार नीट कळत नाही, यांना एकदा पायाला चटका बसलेला कळलासुद्धा नव्हता.

जेवण झालं, झोप झाली आणि संध्याकाळी गोदाघाटावर गेलो. फेब्रुवारीचं नाशिक, ऊन उतरलं की लगेच गारवा, स्वेटर लागतोच. रामकुंडाजवळ रिक्षा बऱ्यापैकी जवळ जाते, पण खाली पायऱ्याच पायऱ्या, ओल्या आणि गुळगुळीत, म्हणून आम्ही वरच्या सपाट बाजूलाच खुर्ची लावली. तिथून पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती दिसतो. ताईंचं सगळं आयुष्य नाशकात गेलंय, त्या सांगायला लागल्या, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर एकच चौकशी, दुतोंड्याला कुठवर पाणी आलं? गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, त्यावरून सराफ बाजार आणि भांडीबाजारातले दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात.

मला एकदम आठवलं ते आमच्याकडे येणारे फोन. "किती टक्के बरे झाले?" असं विचारतात लोक, प्रेमानेच विचारतात, पण टक्के काय सांगणार हो? पाय किती, हात किती, शब्द किती. मी हे ताईंना म्हणाले तर त्या म्हणाल्या, "टक्के कशाला मोजायचे, दुतोंड्यावर मोज. हॉस्पिटलात होता तेव्हा पाणी नाकाच्या वर होतं, आता बघ." आणि भावाला विचारलं, "काय रे बाळा, आता कुठवर आहे?" यांनी थोडा वेळ पाण्याकडे बघितलं, मग डाव्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

दिवे लागल्यावर गोदेची आरती झाली. आम्ही लांबूनच हात जोडले, म्हणजे यांनी एका हाताने नमस्कार केला आणि दुसरा हात मी उचलून त्याला लावला. हे आमचं आता रोजचं आहे, पण नदीसमोर केलं तेव्हा बरं वाटलं.

गुरुवार

गडावर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळायची असं ताईंचं म्हणणं, चैत्रातली यात्रा आणि नवरात्रात तर आजारी माणसाला नेऊच नका. म्हणून गुरुवार. पहाटे अंधारातच निघालो. नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी आणि मग घाट, साठेक किलोमीटर आहे. दिंडोरीच्या पुढे उजाडलं आणि दोन्ही बाजूला द्राक्षबागा, काही बागांत घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. भाचा म्हणाला थंडीने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून असं करतात. रस्त्यालगत एक शेतकरी बागेतच काट्यावर द्राक्षं विकत होता, त्याच्याकडून पेटी घेतली. एक सांगते, ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना आख्खं द्राक्ष देऊ नका. आम्ही उभं चिरून, चार तुकडे करून देतो, सालाचा मणी सरळ घशात जाऊन अडकू शकतो. त्या शेतकऱ्याने मी काय करतेय ते बघितलं आणि आत जाऊन छोटी सुरी आणि स्टीलची ताटली घेऊन आला. "माऊली, ताटलीत कापा," म्हणाला, "हातात कापशील." आम्ही खाऊन होईपर्यंत उभा राहिला आणि ताटली परत घेऊन गेला.

पूर्वी आम्ही लग्न झाल्या झाल्या गडावर आलो होतो तेव्हा पायऱ्या चढून गेलो होतो, पाचशेच्या वर आहेत, आणि हे माझ्या पुढे पळत होते. आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, २०१८ मध्ये सुरू झाली. रुळावरून तिरकी वर जाते, वेळ अगदी थोडा लागतो, आणि म्हातारे, लेकुरवाळ्या, आमच्यासारखे सगळे त्याने जातात. व्हीलचेअर घेऊन गेलो, रांगेतल्या लोकांनी आपणहून पुढे जाऊ दिलं. वर पोचल्यावर मात्र गाभाऱ्यापर्यंत थोडं चालणं आहे, तिथे काठी आणि भाच्याचा खांदा. ट्रॉलीच्या तिकिटाची जी रांग असते तिथे बसायला जागा बघून ठेवा, आणि निघण्याआधी पेशंटला खायला घाला. उपाशीपोटी दर्शन वगैरे काही करू नका, सकाळच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या वेळेवर जायलाच पाहिजेत, देवी रागावत नाही.

देवीची मूर्ती डोंगराच्या कपारीतच आहे, साधारण आठ फूट उंच, अठरा हात. २०२२ मध्ये शेंदराचे जुने थर काढले, त्यानंतरचं रूप मी पहिल्यांदाच बघत होते. डोळे तेच, पण चेहरा, हात, आयुधं सगळं स्पष्ट. मी हात जोडून काय म्हणाले ते लपवत नाही, मी आधी आभार मानले आणि मग यांचा उजवा हात मागितला. दोन्ही एका दमात. ज्याने एवढं दिलं त्याच्याकडेच माणूस आणखी मागतो ना.

रांग पुढे सरकत होती, "चला, चला" चालू होतं, आणि हे जागचे हलेनात. काठी रोवून उभे आणि ओठ हलतायत. मला ती खूण माहीत आहे, काहीतरी म्हणायचंय आणि शब्द सापडत नाहीये, अशा वेळी घाई केली की आलेला शब्दसुद्धा परत जातो. मी मागच्या बाईला म्हणाले, जरा थांबता का, यांना बोलायला वेळ लागतो. ती खानदेशातली होती, धुळ्याकडची, डोक्यावर पदर, कडेवर नातू. ती थांबली आणि मागे वळून अहिराणीत काहीतरी मोठ्याने बोलली, तर तिच्या मागची तिची आख्खी मंडळी थांबली. तिथल्या सुरक्षेच्या ताईंनी आमच्याकडे बघितलं, एक क्षण मला वाटलं आता ढकलणार, पण त्यांनी आम्हाला कठड्याच्या बाजूला घेतलं आणि हाताने सांगितलं, सावकाश.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हे म्हणाले, "बरं." थांबले. "आहे." परत देवीकडे बघून, "बरं आहे."

फोनवर कुणी ख्यालीखुशाली विचारली की हे पूर्वी असंच म्हणायचे, बरं आहे. मला वाटलं होतं काही मागतील, किंवा रडतील. ती खानदेशातली बाई मात्र रडत होती, आणि मग तिने यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि नातवाला यांच्या पायाशी वाकवला.

बाहेर आल्यावर ताईंनी समोरचा डोंगर दाखवला, मार्कंडेयाचा. मार्कंडेय ऋषी तिकडे बसून देवीचं माहात्म्य सांगत होते आणि ते नीट ऐकू यावं म्हणून देवीने मान त्या बाजूला कलती केली, म्हणून मूर्तीची मान किंचित कललेली आहे, असं परंपरेने सांगतात. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली असेल, पण विसरून गेले होते. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी मला जे शिकवलं ते हेच होतं, समोर बसा, डोळ्याच्या पातळीवर या, टीव्ही बंद करा, तुम्ही शब्द पुरवू नका, मनात दहा मोजा आणि ऐकत राहा. कितीतरी रात्री मी तशी मान कलती करून यांच्यासमोर बसलेय आणि एकही शब्द आलेला नाही. त्या रात्री मी एकटी बसलेय असं मला वाटायचं. गडावर, त्या डोंगराकडे बघताना, मला तसं वाटलं नाही. एवढंच सांगता येतं, जास्त नाही.

प्रसादालयात जेवलो, साधं गरम वरण-भात-भाजी. कुंकू आणि पेढ्यांची पाकिटं घेतली, बरीच घेतली, ती का ते पुढे सांगते. उतरताना वारा इतका की काठी धरवेना.

शुक्रवार

सकाळ पूर्ण झोपेत गेली. ठरवलेलंच होतं. या आजारात थकवा वेगळाच असतो, एक दिवस फिरलं की दुसरा दिवस अंथरुणात, तो आळस नसतो, मेंदू दुप्पट काम करत असतो. म्हणून आम्ही त्र्यंबकेश्वर या वेळी ठेवलंच नाही, तिथल्या रांगा आणि त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चाललेली, रस्ते कुठे खणलेले असतील सांगता येत नाही. जोडून सगळं उरकायचा मोह टाळा.

अकरा वाजता उठले आणि पहिला शब्द, "मिसळ." आता नाशकात येऊन मिसळ नाही खायची म्हणजे काय. ताईंच्या घराजवळच्या एका साध्या हॉटेलात गेलो. इथे काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळा, बरोबर पाव, पापड, दही, शेवटाला जिलबी. वेटर म्हणजे अगदी कोवळा पोरगा, त्याने ऑर्डर मला नाही विचारली, यांना विचारली. "काका, तिखट का मिडीयम?" बहुतेक ठिकाणी काय होतं, व्हीलचेअर दिसली की लोक माझ्याकडे बघून विचारतात, "हे काय घेणार?" जणू हे तिथे नाहीतच. याने यांना विचारलं आणि पॅड-पेन हातात धरून शांत उभा राहिला, मागून दुसऱ्या टेबलवाला ओरडत होता तरी. हे म्हणाले, "ति... तिखट," लगेच मान हलवली, नाही नाही, बोटाने मधोमध दाखवलं. "मिडीयम, बरोबर?" "बरोबर," हे म्हणाले. बाहेरच्या जगात स्वतःची ऑर्डर स्वतः दिली, आजारानंतर पहिल्यांदा. मी जाताना त्या मुलाच्या मालकाला मुद्दाम सांगून आले की तुमचा पोरगा गुणी आहे. (रस्सा घेताना तर्री वरची काढून टाकली, फरसाण मऊ होऊ दिलं, पापड मी खाल्ला. मीठ बघायचं. नाशिकचा चिवडा घेतला तो सगळा वाटायला, घरात यांच्यासमोर ठेवायला नाही.)

संध्याकाळी काळाराम. काळ्या दगडाचं हे देऊळ सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलं. पायऱ्या आहेत, पण हळूहळू चढलो. या दारासमोर २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, आणि दादासाहेब गायकवाडांसारखी नाशिकची माणसं तो पुढे काही वर्षं लढत राहिली, दार उघडलं नाही. यांच्या वडिलांनी यांना लहानपणी इथे आणून रामाआधी ही हकिकत सांगितली होती, आणि यांनी आमच्या मुलाला सांगितली होती. या वेळी सांगता येईना म्हणून दाराच्या चौकटीला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, हो, आठवतंय मला.

आत गेल्यावर मात्र रडायला लागले, मोठ्याने. हे अटॅकनंतर बऱ्याच पेशंटना होतं, भावना आवरायची यंत्रणाच मेंदूत दुखावलेली असते, एवढ्यातेवढ्याने रडू किंवा हसू फुटतं, घरच्यांनी घाबरू नये आणि "रडू नका" असंही म्हणू नये, थोडं लक्ष दुसरीकडे वळवावं. लोक जमले, काय झालं काय झालं. मी त्यांना घेऊन बाहेर आले.

बाहेर एक फुलं विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं, यांना बसवलं, आणि काही न विचारता हार ओवत राहिल्या. रडू थांबल्यावर मग म्हणाल्या, "उजवी बाजू ना? आमच्या मालकांची डावी होती." होती म्हणाल्या तेव्हाच समजलं. त्यांच्या यजमानांना लकवा झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं अमक्या गावाला उतरवून देतात, तिकडे नेलं, एक दिवस आणि रात्र त्यात गेली, मग सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले कालच का नाही आणलं.

मी श्रद्धा असलेली बाई आहे, देवाशिवाय माझा दिवस जात नाही, म्हणूनच हे ठणकावून लिहिते. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, एकदम तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघा आणि सरळ सिटी स्कॅन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. गुठळीचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, काही पेशंटमध्ये नळी घालून गुठळी काढायचा उपाय त्यानंतरही करता येतो पण ते डॉक्टर ठरवतात. घरी तेल चोळू नका, कबुतराचं रक्त वगैरे सांगणाऱ्याला दारात उभं करू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका. नवस आयसीयूच्या बाहेर बसून करा, ताईंनी केला तसा.

मावशींनी हाराचे पैसे घेतले नाहीत. मी पुष्कळ आग्रह केला. "दादा चालत आले ना देवळात, मला ते बघायला मिळालं," म्हणाल्या. मी गडावरचं एक पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांच्याबद्दल काय वाटलं ते मला आजही नीट मांडता येत नाही, आमच्याकडे इंजेक्शन वेळेत मिळालं आणि त्यांच्याकडे नाही, यात माझी पुण्याई आणि त्यांची कमी असं काहीही नाही, हे मला पक्कं कळतं. म्हणून "देवाने तुमच्यावर कृपा केली" असं कुणी म्हणालं की मी आता हो म्हणते, पण त्या मावशींचा चेहरा समोर येतो.

शनिवार

संध्याकाळची परतीची गाडी, म्हणून सकाळी टाकळी. फार लोकांना माहीत नसतं, नाशिक शहरातच आहे. समर्थ रामदासांनी लग्नाच्या बोहल्यावरून निघून आल्यावर इथे बारा वर्षं तप केलं, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमात उभं राहून जप करायचे. इथला मारुती त्यांनी स्थापलेला, शेणाचा, गोमय मारुती म्हणतात. देऊळ लहान आहे, शांत. शनिवार असल्यामुळे तेलाच्या वाट्या घेऊन रांग होती, पण वर गडासारखी नाही.

खुर्ची बाजूला लावून बसलो आणि ताईंनी भीमरूपी म्हणायला सुरुवात केली. हे दोघं बहीणभाऊ लहानपणी तिन्हीसांजेला दिव्यासमोर म्हणायचे ते. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिला सलग आवाज यांच्या तोंडून निघाला तो याच स्तोत्राचा होता, स्वतःचं नाव येत नव्हतं आणि हे येत होतं. तेव्हा मी त्याला चमत्कार म्हणाले होते, मॅडमनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं की हे असं होऊ शकतं. मला दोन्ही खरं वाटतं. ज्यांनी लहानपणी रोज संध्याकाळी पोरांना दिव्यासमोर बसवलं त्या माझ्या सासूबाईंची मेहनत इतक्या वर्षांनी कामाला आली, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

तर दोघं म्हणत होते, आणि मध्येच एका ओळीला हे अडले. ताईही थांबल्या. पुढची ओळ त्यांना येत होती, मला येत होती, रांगेतल्या शाळकरी पोरांना तर नक्कीच येत होती, त्यातला एक तोंड उघडणार तेवढ्यात ताईंनी त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. पोरं थांबली. तेलाच्या वाट्या हातात धरून सगळी यांच्या तोंडाकडे बघत उभी. मग हे ती ओळ मागून पकडून आले, आधीची परत म्हणाले आणि त्या वेगात अडलेली ओळ पार केली, आणि पोरांनी पुढचं सगळं त्यांच्याबरोबर खणखणीत म्हटलं. शेवटी त्यातल्या एकाने मला विचारलं, "आजोबा नवीन शिकतायत का?" मी म्हणाले, हो.

दुपारी स्टेशनला जाताना वाटेत मुक्तिधाम केलं. नाशिकरोडलाच आहे, पांढरं संगमरवरी, भिंतींवर गीतेचे अध्याय, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. ज्यांना आता बारा ठिकाणं फिरणं होणार नाही त्यांनी गाडीच्या आधी तासभर इथे बसावं.

आणखी काही गोष्टी, ज्यांना पेशंटला घेऊन निघायचंय त्यांच्यासाठी. शर्टाच्या खिशात एक कार्ड ठेवा, नाव, फोन, कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि "मला सगळं समजतं, बोलायला वेळ लागतो" असं मोठ्या अक्षरात. आम्हाला त्या शेवटच्या ओळीचा गोळ्यांच्या यादीपेक्षा जास्त उपयोग झाला. स्प्लिंटखाली सुती मोजा घाला आणि दर थोड्या वेळाने पाय उघडून लाल वळ पडलाय का बघा. गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवा. आणि जो सांभाळतोय त्याने दुपारी झोपावं, मी ताईंच्या भरवशावर झोपले, किती दिवसांनी कुणास ठाऊक.

आता त्या पाकिटांचं. गडावरून निघतानाच आम्ही यादी केली होती, यांनीच केली, मी नावं सुचवायची आणि हे मान हलवायचे. गाडी काढणारा शेजारचा मुलगा, हॉस्पिटलच्या दारात धावत स्ट्रेचर आणणारा वॉचमन, रात्रपाळीच्या वॉर्डातल्या मावशी ज्या यांची कूस बदलताना नाव घेऊन बोलायच्या, फिजिओ, स्पीचच्या मॅडम, समोरच्या घरातल्या काकू ज्यांनी चतुर्थीच्या मोदकांसकट सगळे डबे पुरवले. प्रत्येकाला पाकीट यांनी स्वतः द्यायचं आणि नाव घ्यायचं, असा मॅडमनी होमवर्कच दिलाय. शेजारच्या मुलाचं नाव तिसऱ्या प्रयत्नाला आलं, तोही बिचारा तेवढा वेळ दारात उभा होता, घाई नाही केली. काकूंचं पहिल्याच फटक्यात. फिजिओंचं नाव अवघड आहे, त्यांना यांनी "सर" म्हणून सोडवलं आणि सरांनी ते चालवून घेतलं नाही, उद्या परत विचारणार म्हणाले. वॉर्डातल्या मावशींची रात्रपाळी गुरुवारपासून आहे, तेव्हा गुरुवारी रात्री जेवून आम्ही दोघं हॉस्पिटलात जाणार आहोत, त्यांचं नाव यांना आत्तापासूनच पाठ आहे.